हेझल लिकची गस्त

शेगडी जरा जवळ ओढा, आणि ते गाणं बंद करा कोणीतरी. डेलेनी, उद्या रात्री तू पहिल्यांदाच डुकराच्या मागावर निघणार ना? मग अशी समोर ये. बाकीच्यांना झोप आली असेल तर खुशाल आपापल्या झोपायच्या ट्रेलरमध्ये जा. एकदा सुरुवात झाली की मात्र मध्ये उठायचं नाही. अंधारातून एकट्याने ट्रेलरपर्यंत जायची छाती असेल तर गोष्ट वेगळी.

हे मी रचलेलं नाही. जिच्यावर गुदरलं ती जोनेल स्टिडम नऊ वर्षं माझ्याबरोबर या लाइनीवर होती. चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने दणकट, आणि तोंडाची एकदम फटकळ. तिला खोटं बोलता येत नाही. खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि तेवढा धीर तिच्यात नाही. मनात आलं की बोलून मोकळी. त्यापायी तिची तीन ठिकाणची नोकरी गेली होती. चौथी कशी गेली ते आता सांगतो.

साल दोन हजार बावीस. सोळा नोव्हेंबर, बुधवारची रात्र.

डुक्कर म्हणजे काय ते नव्या लोकांना एकदाच सांगतो. पाइपमध्ये एका टोकाने यंत्र सोडायचं, गॅसच्या दाबाने ते पुढे सरकत जातं. साधं डुक्कर पाइप घासून काढतं. हुशार डुक्कर असतं, ते पाइपची भिंत तपासत जातं... कुठे गंज, कुठे पोचा, कुठे भेग. ते कुठवर पोचलं हे बघायला एक माणूस वरून रस्त्यारस्त्याने पुढे जातो, ठरलेल्या जागी थांबतो, जमिनीत आवाज टिपणारी खुंटी रोवतो, तिचा हेडफोन कानाला लावतो आणि खालून डुक्कर गेलं की वेळ लिहितो. मग पुढची जागा. डुक्कर ताशी चार मैल चालतं, त्याला झोप नसते, त्यामुळे मागावरच्या माणसालाही नसते. एवढंच काम. कंटाळवाणं. जोनेलला ते आवडायचं, कारण त्यात बोलायला समोर कोणी नसायचं आणि त्यामुळे भांडणही व्हायचं नाही.

त्या रात्री हुशार डुक्कर सुटलं होतं. आणि घाई होती. ही लाइन सत्तावन्न सालची, तुम्हाला माहीत आहे. साठ वर्षं टेक्सासचा गॅस इथून उत्तरेला गेला. न्यूयॉर्कच्या चुली पेटवल्या त्याने. मग उत्तरेलाच, पेनसिल्व्हेनियात, खडकातून गॅस निघायला लागला आणि सगळं उलटं झालं. आता तोच पाइप, पण गॅस दक्षिणेला न्यायचा, समुद्रावर उभ्या असलेल्या जहाजांना द्यायचा, आणि तोही जास्त दाबाने. सोमवारी सकाळी आठ वाजता दाब चढवायचा असं ठरलं होतं. त्याआधी डुकराचा दाखला हवा होता, की पाइप ठणठणीत आहे. दाखला मिळणार हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

जोनेलकडे चौदा ते बावीस नंबरची ठिकाणं होती. सोळा नंबर उरकून ती साडेबाराला सतराव्या ठिकाणी आली. हेझल लिक रस्ता. डोंगराच्या कुशीतून आलेला पाइप तिथे रस्त्याखालून पलीकडच्या चढावर जातो. पाइपवरचा गवताचा पट्टा तेवढा मोकळा, दोन्ही बाजूंना झाडी. रस्त्याच्या कडेला पिवळा खांब. पट्ट्याला लागूनच एक घर, पत्र्याच्या छपराचं.

तिने पिकअप उभी केली, दिवे बंद केले, थर्मास उघडला. तेवढ्यात काचेवर काहीतरी वाजलं. दुनळी बंदुकीचं टोक होतं ते.

"हात दिसू देत," बाहेरून बाईचा आवाज आला.

"दिसतायत की. एकात कॉफी आहे," जोनेल म्हणाली.

"पाइपवाली आहेस?"

"हो."

"माझ्या जमिनीत तिसरी लाइन टाकायला आली असशील तर तशीच माघारी फिर."

"मी टाकत नाही काही. मी फक्त ऐकते."

बंदूक खाली आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डेल्फिया मलिन्स, लाइनीवरचे सगळेच त्यांना नावाने ओळखून होते. झोपायच्या गाऊनवर नवऱ्याचा शिकारीचा कोट, पायांत रबरी बूट. जोनेलने काच खाली केली.

"डेल्फियाबाई, इतक्या थंडीत बंदूक घेऊन बाहेर पडता? घसरलात तर स्वतःलाच उडवाल."

"भरलेली नाही. काडतुसं केवढ्याला झालीयेत, बघितलंस का? पण ते पाइपवाल्यांना काय माहीत." म्हातारीने थर्मासच्या झाकणातली कॉफी मागून घेतली, एक घोट प्याली आणि तोंड वाकडं केलं. "ही तू केलीस? देवा. बरं ऐक. पहिल्या लाइनीवर माझ्या बापाने सही केली. तेव्हा पट्टा या इथून तिथवर होता, बस. दुसरीवर माझ्या नवऱ्याने केली, पट्टा माझ्या सफरचंदाच्या झाडांपर्यंत आला. सात वर्षांपूर्वी तिसरीसाठी आले. दोन पोरं, टाय लावलेली. म्हणाली, तुमच्या घरातली दोन्ही मोठी माणसं सही करून गेली, आता तुमची पाळी. मी म्हटलं, ते दोघंही मेले. मी जिवंत आहे. निघा."

"आणि गेले?"

"बंदूक बघून गेले. मग शेजारच्या डोंगरावरून नेली त्यांनी ती. लांबून." ती समाधानाने म्हणाली. "तू काय ऐकतेस तेवढं ऐक आणि जा. कुत्रा भुंकला तर घाबरू नकोस. आज संध्याकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलंय. पलंगाखाली जाऊन बसलाय. भुंकत पण नाही म्हणा."

म्हातारी घरात गेली. खिडकीतला दिवा मालवला.

एक वाजून दहा मिनिटं. डुकराला अजून चाळीस मिनिटं अवकाश होता. जोनेलने पट्ट्यावर जाऊन खुंटी रोवली, हेडफोन चढवले आणि पिकअपच्या पायरीवर बसली. गवतावर दहिवर पांढरं गोठलं होतं. डोंगरामागून अर्धा चंद्र नुकता वर आला होता. सगळा पट्टा वरपर्यंत कसा लख्ख दिसत होता.

पाइपचा आवाज तुम्ही अजून ऐकला नसेल. गॅस वाहत असतो तेव्हा बारीक गुणगुण असते, लांब कुठेतरी बायका बोलत असल्यासारखी. ती सवयीची. जोनेल ती ऐकत बसली होती.

मग त्या गुणगुणीत पाऊल वाजलं.

तुम्ही म्हणाल, हरीण असेल. ती पण तेच म्हणाली. हरणाची पावलं चार असतात, हलकी, तुटक. ही दोन होती. बूट घातलेली. एक जड, एक ओढत. जड... ओढत. जड... ओढत. डोंगराच्या बाजूने, पाइपच्या डोक्यावरून, नेमकी मधोमध कोणीतरी खाली येत होतं.

तिला वाटलं, म्हातारी. वळून पाहिलं. घर बंद, दिवा बंद.

पट्ट्याकडे पाहिलं. वरपर्यंत पांढरं गवत. कोणी नाही.

तिने हेडफोन काढले. रात्र शांत. किडा नाही, वारा नाही.

हेडफोन लावले. जड... ओढत. आता जवळ. तीस पावलांवर. वीस.

"कोण आहे?" ती ओरडली.

पावलं थांबली नाहीत. तिच्या खुंटीजवळून गेली. अगदी जवळून, कारण खुंटी थरथरली आणि कानात खरखर झाली. मग रस्ता ओलांडला. रस्त्यावर आवाज बदलला, डांबरावर बूट घासावा तसा. पलीकडच्या चढावर गेली. जोनेल मोजत होती. का ते तिला माहीत नाही, पण मोजत होती. चाळीस पावलं. मग थांबली.

थोडा वेळ नुसती गुणगुण.

मग...

ठण. ठण.

लोखंडावर लोखंड. वर नाही. खाली. सहा फूट मातीखाली, पाइपच्या अंगावर.

जोनेलला घाम फुटला. त्या थंडीत. पण ती उठली, विजेरी घेतली, आणि ते दहिवर बघून आली. पट्टाभर, रस्त्यापासून वरच्या झाडापर्यंत. कुठे गवताचं एक पातंही मोडलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या बुटांचे ठसे तेवढे काळे उमटले होते.

ती परत पायरीवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "मला कामाचे तासाला सव्वीस डॉलर मिळतात. यात घाबरणं धरलेलं नाही."

एक पन्नासला डुकराचा आवाज आला. ते ओळखू येतं. पाइपच्या प्रत्येक जोडावर टक करतं. टक... टक... टक. गाडी रुळांवरून जावी तसं. खुंटीखालून गेलं एक बावन्नला. तिने वेळ लिहिली. रस्त्याखालून गेलं. चढाला लागलं. टक... टक...

आणि थांबलं.

नेमकं तिथेच. चाळीस पावलांवर.

डुक्कर थांबतं कधी? पाइप आत दबलेला असेल, पोचा असेल, तेव्हा अडकतं. मागचा दाब वाढत जातो. जोनेल घड्याळ बघत राहिली. एक मिनिट. दोन. गुणगुण चढत चढत शिट्टीसारखी झाली. तीन. चार. मग एकदम धाड्कन सुटलं, आणि बंदुकीतून गोळी सुटावी तसं पुढे गेलं. जोडांचे टक टक एकात एक मिसळले. क्षणात आवाज गायब.

हुशार डुक्कर असं उधळलं की आंधळं होतं. तेवढ्या तुकड्यात त्याला काही दिसत नाही. म्हणजे जिथे बघायला हवं होतं, नेमकं तिथेच बघितलं गेलं नव्हतं.

तिने साहेबाला फोन लावला. ग्रेडी त्याचं नाव, एकतीस वर्षांचा, मोटेलात झोपलेला.

"ग्रेडी, सतरा नंबरला डुक्कर अडकलं आणि उधळलं. चार मिनिटं. इथला तुकडा वाचलेला नसणार."

"निघालं ना पुढे?"

"निघालं."

"मग झालं तर. वेळ लिही, 'सुरळीत' लिही, आणि अठराला जा. तिथे ते आता लवकर येईल."

"सुरळीत कसं लिहू? सुरळीत नव्हतं."

"जोनेल, सोमवारी काय आहे माहीत आहे ना? परत डुक्कर सोडायचं तर दहा दिवस जातात. जहाजं उभी आहेत. कोणी सांगायचं वरती, तू?"

"मी सांगते, नंबर दे."

"अठराला जा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खरं सांगू का? ती जाणार होती. तिने मला स्वतः सांगितलं. मुलीच्या कॉलेजची फी होती, घराची गॅलरी मोडकळीला आली होती. खुंटी उपटायला ती पट्ट्यावर गेली. वाकली. हेडफोन अजून कानावर होते.

ठण. ठण.

ती तशीच वाकलेली राहिली.

ठण. ठण.

आता थांबेना. दोन ठोके, मग थोडं शांत. दोन ठोके, शांत. कोणी रागाने दार ठोठावतं ना, आतले जागे आहेत हे माहीत असताना, तसं.

तिने खुंटी उपटली. पण पिकअपकडे गेली नाही. रस्ता ओलांडला. चढावर गेली. पावलं मोजत. अडतीस... एकोणचाळीस... चाळीस.

खुंटी रोवली.

शांत.

गुणगुणसुद्धा दबली.

आणि मग कानात श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा. चढ चढून आलेल्याचा. आत... बाहेर. आत... बाहेर. जमिनीतून नाही. तिच्या शेजारून. उजव्या बाजूने.

ती उजवीकडे वळली नाही.

विजेरीचा झोत गवतावर होता. मागे पळायला चाळीस पावलं होती. चावी पिकअपलाच होती. तिला ते सगळं आठवत होतं...

"इथे?" तिने विचारलं.

...

ठण.

एकच.

"बरं," ती म्हणाली. "ऐकलं मी. आता मला घाबरवायचं बंद कर. मला काम करायचंय."

श्वास थांबला.

आता जोनेलचं डोकं बघा. कामाची माणूस म्हणून ती ग्रेडीच्या वर बोलू शकत नव्हती. पण त्या पिवळ्या खांबावर एक नंबर लिहिलेला असतो. तो येणाऱ्याजाणाऱ्या कोणासाठीही असतो. पाइपला कोणी हात लावताना दिसलं तर कळवा. आणि आमच्या नियमांच्या पुस्तकात साफ लिहिलंय, पाइपवर कोणी घाव घालतंय अशी खबर आली की आधी दाब उतरवायचा, मग माणूस पाठवायचा, आणि उघडून बघितल्याशिवाय दाब चढवायचा नाही. खबर देणारा कोण, हे विचारायचं कारण नाही.

दोन वाजून एकवीस मिनिटांनी तिने तो नंबर फिरवला. हजार मैलांवरच्या कंट्रोल रूममधल्या एका मुलीने उचलला.

"बोला. हे बोलणं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. माझं नाव जोनेल स्टिडम. मी हेझल लिक रस्त्यावर आहे. तुमच्या पाइपवर कोणीतरी लोखंडाने ठोकतंय."

"कोण ठोकतंय? दिसतायत का तुम्हाला?"

"दिसत नाही. ऐकू येतंय."

"मॅडम, नक्की पाइपचाच आवाज आहे?"

जोनेलने एका कानाचा हेडफोन काढला आणि फोनला लावला. ठोके परत सुरू झाले होते.

मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम... तिथे किती लोक आहेत?"

"मी एकटी."

"मग तुमच्या शेजारी कोण धापा टाकतंय?"

जोनेल म्हणाली, "दाब उतरव, पोरी." आणि मुलीने उतरवला. दहा मिनिटांत गुणगुण बारीक बारीक होत गेली.

ती पिकअपपाशी परत आली तेव्हा डेल्फियाबाई दारात उभ्या होत्या. कुत्रा त्यांच्या पायांशी, शेपूट हलवत.

"हा बाहेर आला एकदाचा," म्हातारी म्हणाली. "म्हणून मी उठले. तुझं तोंड असं का झालंय गं?"

जोनेल पायरीवर बसली. "डेल्फियाबाई, या पट्ट्यावर रात्रीचं कोणी चालतं का?"

म्हातारीने कोट गुंडाळून घेतला. मग विचारलं, "उजवा पाय ओढत?"

जोनेलने पायाचं काहीच सांगितलं नव्हतं.

"हॉबर्ट कॉडिल," डेल्फियाबाई म्हणाल्या. "पहिली लाइन पडली तेव्हापासून गस्तीला होता. दर आठवड्याला अकरा मैल चालायचा. खाणीत पाय मोडलेला, पण चालायचा. आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. समोरच्या चढावर काहीतरी आहे, खाली खडक टोचतोय, उकरून बघा, म्हणून दर महिन्याला कंपनीला लिहायचा. दर महिन्याला. कोणी आलं नाही. मग कंपनीने विमान आणलं, वरून बघायला, आणि चालणाऱ्यांना घरी पाठवलं. हा दुसऱ्या दिवशी परत हजर. मी म्हटलं, हॉबर्ट, तुला काढलंय ना रे? तर म्हणतो, 'त्यांनी मला काढलं. मी लाइन कुठे सोडलीय?' तीन वर्षं फुकट चालला. शहाऐंशीच्या जानेवारीत त्या चढावर सापडला. बसलेला. बर्फात."

"आणि तेव्हापासून...?"

"मला ऐकू येत नाही काही. कुत्र्यांना येतं," म्हातारी म्हणाली. "मला वाटायचं, त्याची चिडचिड चालू असेल अजून. असू दे. हक्क आहे त्याचा."

पावणेचारला ग्रेडीची गाडी आली. दार आपटून उतरला.

"तुझं डोकं फिरलंय का? ठोकतंय कोण? कुठाय तो?"

"गेला."

"गेला! सगळ्या लाइनीचा दाब खाली आणलास तू! आत्ता फोन कर आणि सांग, चूक झाली. हरीण होतं म्हण. काहीही म्हण."

"नाही."

"जोनेल, मी तुला नोकरीवरून काढतोय, कळतंय का?"

"काढ की. मी काही कामावरून फोन नाही केला. रस्त्याने जाणारी बाई म्हणून केला. रस्त्यावरून कसा काढशील?"

"मग मी सांगतो त्यांना. मी इथला प्रमुख आहे. मी चढावर जाऊन बघतो, काही नाही म्हणून कळवतो." आणि तो पट्ट्याकडे वळला.

पट्ट्याच्या तोंडाशी डेल्फियाबाई घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर दुनळी.

"बाई, आम्हाला या पट्ट्यावर यायचा हक्क आहे. तुमच्या वडिलांची सही आहे."

"आहे ना. उकरायला ये, दुरुस्तीला ये, मी स्वतः कॉफी देईन. हिच्यापेक्षा बरी असते माझी. पण खोटं बोलायसाठी माझ्या जमिनीवर पाय ठेवायचा, असं बापाने कुठे लिहून दिलंय ते दाखव."

ग्रेडीने जोनेलकडे पाहिलं. तिने पिकअप आडवी लावली होती आणि चावी खिशात टाकून बॉनेटवर चढून बसली होती. दोन बायका आणि एक कुत्रा. तो शिव्या देत फोनवर बोलत राहिला. पण रेकॉर्ड झालेलं होतं. आणि कंट्रोल रूममधली ती मुलगीही हटली नाही. उघडून बघितल्याशिवाय मी दाब चढवणार नाही, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एवढंच ती तिच्या वरच्यांना सांगत राहिली. उजाडेपर्यंत दोघी तिथे बसून होत्या. जोनेल म्हणाली, त्या वेळी तिला अजिबात भीती वाटली नाही. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं.

शनिवारी तिला मेसेज आला, उद्यापासून येऊ नकोस. तिने एका शब्दात उत्तर पाठवलं, तो शब्द मी इथे सांगत नाही. आता ती शाळेची बस चालवते. हेझल लिकवरून.

पण शुक्रवारी काय झालं ते राहिलं.

शुक्रवारी उकरायला मी होतो. हो, मीच. यंत्र माझं होतं. म्हणून तर सांगतोय ना. एकतीस वर्षं मी माती काढतोय, पोरांनो. एकदा उकरलेली आणि परत लोटलेली माती हाताला लगेच कळते, भुसभुशीत, रंग मिसळलेला. इथे सत्तावन्न सालानंतर कोणी हात लावला नव्हता. बसून बसून दगड झाली होती ती. शेवटचे दोन फूट आम्ही फावड्याने काढले. ग्रेडी वर उभा होता, हात खिशात घालून.

पाइपखाली खडक होता. हॉबर्टने लिहिलं होतं तस्साच. त्याच्या टोकावर पाइप आतल्या बाजूला दबला होता. पाइपला फासलेलं सत्तावन्न सालचं डांबर आणि त्यावर गुंडाळलेला कागदी पट्टा, दोन्ही जिथल्या तिथे, एक चीर नव्हती त्यांत. ते आम्ही खरवडून काढलं. खाली उघडं लोखंड. आणि पोच्यातून निघालेली भेग, वीतभर. सोमवारी दाब चढवला असता तर डेल्फियाबाईंचं घर, आणि त्यामागची बारा घरं... जाऊ दे. तुम्ही कामाची माणसं आहात, तुम्हाला कळतं.

मी आत उतरून आडवा झालो आणि भेगेवर दिवा धरला. जुना भाग काळा, गंजलेला. शेवटचा इंचभर चकचकीत. ताजं फाटलेलं लोखंड असं चमकतं. त्या रात्री डुक्कर अडकून दाब चढला, तेव्हा फाटलेला. आणि तिथे भेग संपली होती.

ती संपली होती तिथे खडूची एक रेघ होती. पिवळी. आडवी, अंगठ्याएवढी. आपण कामावर मारतो तशी, इथवर, पुढे नाही. भेग रेघेपर्यंत आली होती. रेघेच्या पलीकडे गेली नव्हती.

डांबराच्या खाली होती ती, डेलेनी. लोखंडावर.

ग्रेडी वाकून बघत होता. तो म्हणाला, "पाइप टाकताना कोणीतरी मारली असेल. सत्तावन्न साली."

"असेल," मी म्हटलं. पण वरून उकळतं डांबर ओतलेला खडू लोखंडाला चिकटून बसतो, हाताला लागत नाही.

मग मी हातमोजा काढला आणि रेघेवरून बोट फिरवलं.

बोटाला खडू लागला.